तेजरामच्या नावाचा टॅग

मित्रांनो, जवळ या, पण मला हात लावण्याआधी माझ्या पाठीवरचे दोन लाल टॅग वाचा. न वाचता हात लावणाऱ्यांची मला आता भीती वाटते. मी एक जुना, जळलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे, गिटारचा आवाज मोठा करणारा. भिलाईच्या वैशाली नगरात, एका घराच्या मागच्या खोलीत, कूलरच्या जाळ्या आणि गव्हाची कोठी यांच्यामध्ये मी पडून असतो. माझ्या पोटात पाच काचेच्या नळ्या, म्हणजे वॉल्व्ह, आहेत. पूर्वी त्या पेटल्या की संध्याकाळच्या उन्हासारख्या दिसायच्या. आता त्या नुसत्या काचा आहेत.

माझा जन्म अमेरिकेतला. तिकडे भिंतीतून साधारण एकशे दहा व्होल्टची वीज येते, आणि तेवढीच पचेल अशा बेताने माझ्या ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळलेली होती. स्टील प्लँटमधले अधिकारी देवानंद साहेब परदेशातल्या मुलाकडून परतताना मला सामानात घेऊन आले. मला वाजवणारं त्यांच्या घरात कोणी नव्हतं. त्यांनी मला देऊन टाकलं तेजरामला.

तेजराम त्याच प्लँटच्या मिलमधला इलेक्ट्रिशियन. मूळ भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावातला, पण हातात गिटार आली की गाव, मिल, सगळं विसरायचा. दुसरा कोणी असता तर त्याने मला लगेच भिंतीत खुपसलं असतं. तेजरामने आधी टॉर्च घेतला, माझ्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली आणि बायकोला हाक मारली.

"वंदना, हा तं एकशे दहावाला पाहुणा हाय! आपल्या घरी दोनशे तीस वाढतेत. एका घासात मरन बिचारा."

"मंग पाहुण्याले उपाशी ठेवता का?" वंदना म्हणाली.

नाही ठेवलं. दुर्गच्या एका वाइंडिंगवाल्याकडून त्याने माझ्यासाठी लोखंडी डबा बनवून घेतला. भिंतीतले दोनशे तीस तो डबा गिळायचा आणि मला मोजून एकशे दहा द्यायचा. काय जोडी होती आमची! पद्मनाभपुरात लग्न असो, भिलाई-३ ला रेल्वेवाल्यांचा कार्यक्रम असो, नाहीतर थेट नागपूर, स्कूटर असो की रेल्वे, पुढे डबा आणि मागे मी. लोक टाळ्या माझ्यासाठी वाजवायचे. डब्याकडे कोणी बघायचंही नाही. तो मात्र खाली बसून, मंद गुणगुणत, माझा जीव सांभाळायचा.

त्या डब्याला घरात सगळे 'स्टॅबिलायझर' म्हणायचे. फ्रिजजवळचा डबा तसाच दिसतो ना, म्हणून. आमच्या वैशाली नगरात उन्हाळ्यात व्होल्टेज असं खालीवर होतं की घरोघरी एक स्टॅबिलायझर असतोच. तेजराम ते ऐकून हसायचा. त्याने कोणाची चूक सुधारली नाही, आणि हळूहळू वंदनाही 'एकशे दहावाला पाहुणा' विसरून गेली. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा.

माझी मूळची पिन चपटी होती. इथल्या बोर्डात ती ढिली पडायची, वाजता वाजता निसटायची. शेवटी तेजरामने ती कापली आणि इथली गोल पिन बसवली. काम एकदम पक्कं झालं, पण त्याला रात्रभर चैन पडली नाही. आता मला कुठल्याही भिंतीत खुपसता येणार होतं. दुसऱ्या दिवशी त्याने प्लँटमधला असतो तसा लाल टॅग माझ्या पाठीला बांधला. 'चालू करू नका', मोठ्या अक्षरांत. खाली बारीक, 'एकशे दहाची मशीन. डब्यातूनच.' आणि नाव, तेजराम.

त्याची मुलगी दामिनी तेव्हा सहावीत होती. मोठी अक्षरं वाचूनच ती खुदकन हसली. "बाबा, हे काय मिल हाय का?"

"मिलचा नियम घरी बी चालते, बेटा. मशीनवर कोनी काम करून राहिला असन तं तो आपल्या नावाचा टॅग लावते. ज्यानं लावला त्यानंच काढाचा. दुसऱ्यानं काढला तं आत हात असलेला मानूस मरते."

वर्षं गेली. माझ्या पाठीच्या उष्णतेने टॅगवरची बारीक अक्षरं उडून गेली. उरलं 'चालू करू नका' आणि 'तेजराम'. मी तर रोजच चालू व्हायचो, म्हणून टॅग म्हणजे घरातली गंमत होऊन बसला.

मग तेजरामला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचाही गेली. काही सांगायला गेला की घशातून नुसतं 'आ... आ' यायचं. पाणी हवं की उशी, हे वंदनाला अंदाजाने ओळखावं लागायचं. चुकलं की तो डोळे मिटून घ्यायचा.

दामिनी तोवर दहावीत गेली होती. एका संध्याकाळी तिने मला डब्याला जोडलं, गिटार बाबाच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः शेजारी बसली. त्याचा डावा हात चांगला होता ना! डाव्या हाताने त्याने तारा दाबल्या, आणि उजव्या हाताचं काम दामिनीने केलं. तिने तारा छेडल्या. गिटार एक, माणसं दोन. माझ्यातून त्याची जुनी धून निघाली, अडखळत, पण त्याचीच. वंदना हातातलं पीठ तसंच घेऊन दारात उभी राहिली.

"बोलला," ती म्हणाली. "तुहा बाबा बोलला वं!"

खरंच मित्रांनो, त्या दिवसापासून तेजराम फक्त माझ्यातूनच बोलायचा. रोज सहा वाजता.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सेक्टरमधल्या, म्हणजे प्लँटच्या वसाहतीतल्या, हॉलमध्ये बापलेकीचा कार्यक्रम ठरला. त्या दिवशी आमच्या भिलाईत नट-बोल्टसुद्धा हार घालून मिरवतो! सकाळी वंदनाने तेजरामची सगळी अवजारं पाटावर मांडली. पक्कड, टेस्टर, हातोडी आणि मधोमध माझा डबा. टिळा मलाही लागला.

दुपारी दामिनी डबा उचलायला वाकली.

"नोको उचलू," वंदना म्हणाली. "पूजेतलं अवजार आज कामाले लावत नसतेत. तुह्या बाबानं एवढ्या वर्षांत कधी पक्कड बी नाई उचलली आजच्या दिवशी."

"मंग अ‍ॅम्प कसा नेऊ?"

"तो नेलाच पायजे, कार्यक्रमच त्याचा हाय. पन जे लागते तेवढंच ने."

दामिनीने डब्यावरचा हात काढला. "ठीक है. तसा बी हा स्टॅबिलायझरच हाय. सेक्टरची लाईन एकदम बढिया रायते, तिथं कायले पायजे?"

मी ओरडलो असतो. पण डब्याशिवाय मला कुठला आवाज?

हॉलमध्ये साउंडवाल्या सोनूने मला स्टेजवर ठेवलं. मागच्या पडद्याजवळ कॅमेरा होता. "दीदी, ये लाल पुट्ठा फोटो में आएगा."

दामिनीने टॅग सोडला आणि गिटारच्या पिशवीत टाकला.

मग वंदना तेजरामला घेऊन आली. त्याची चाकाची खुर्ची माझ्या शेजारी लावली, आणि तो घसरू नये म्हणून वंदनाने चाकांचे ब्रेक घट्ट लावले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायाशी पाहिलं, जिथे डबा असायचा. सोनू माझी पिन घेऊन भिंतीकडे निघाला होता.

"आ... आ!"

"हो बाबा, आताच सुरू करू," दामिनी म्हणाली आणि त्याला हात हलवून दाखवला.

सोनूने बटण दाबलं. दोनशे तीस व्होल्ट माझ्या अंगात शिरले आणि त्याच क्षणी माझा फ्यूज उडाला. तेजरामनेच बसवलेला होता तो, अगदी नेमक्या मापाचा. मेला, पण मला वाचवून मेला. मित्रांनो, मी वाचलो होतो!

"फ्यूज गया," सोनू म्हणाला. "दो मिनट, दीदी." त्याने खिशातून तांब्याची तार काढली आणि फ्यूजला गुंडाळू लागला.

तेजरामने दामिनीची बाही पकडली. सोडेचना. "घाबरू नोको ना बाबा," तिने त्याची बोटं हळूच सोडवली. मग त्याने डाव्या हाताला जी एकमेव वायर पोचत होती ती धरली, गिटारची, आणि खेचून माझ्यातून उपटली. समोर बसलेले लोक हसले.

"काकाले लय घाई झाली!" कोणीतरी म्हणालं.

दामिनीही हसली. तिने वायर परत जोडली.

दुसऱ्यांदा बटण दाबलं. तांब्याची तार काही उडाली नाही. आधी माझ्या नळ्या पांढऱ्या पेटल्या, एवढ्या कधीच पेटल्या नव्हत्या. मग पोटातली तार वितळली, धूर निघाला, आणि सोनूने पिन उपटेपर्यंत सगळं संपलं होतं. दामिनी मागे फिरली तेव्हा तेजरामचा डावा हात अजून भिंतीतल्या त्या बोर्डाकडेच रोखलेला होता. तिने बोर्डाकडे पाहिलं, माझ्या पायाशी पाहिलं, आणि मग गिटारची पिशवी उघडून टॅग बाहेर काढला. उडालेल्या शाईच्या जागी बॉलपेनचे खड्डे उरले होते. ते ती बोटाने चाचपत राहिली.

घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "बाबा सांगून राहिला होता वं. तीनदा सांगतलं त्यानं. अन मी टाटा करून राहिली होती."

वंदना पूजेच्या पाटासमोर बसली होती. डब्यावरचं कुंकू पुसायला तिचा हात धजला नाही.

पुढच्या आठवड्यात सोनूने आपला नवा अ‍ॅम्प आणून दिला, फुकट, मान खाली घालून. दामिनीने गिटार बाबाच्या मांडीवर ठेवली. त्याच्या डाव्या हाताची मूठ उघडली नाही. रोज सहा वाजता ती ठेवायची, रोज मूठ मिटलेली. तिने माफी मागितली, तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर ती मूठच ठेवली. डिसेंबरात, थंडीत, तेजराम गेला. न बोलता.

दुर्गचा तो वाइंडिंगवाला मला बघून गेला. "नया ट्रान्सफॉर्मर लपेट देंगे, नये वॉल्व्ह डाल देंगे. सीधा दो सौ तीस का कर देते हैं, बेटी. डब्बे की झंझट ही खतम."

"अभी नहीं, अंकल," दामिनी म्हणाली.

त्या दिवशी तिने बाबाचा टॅग पुन्हा माझ्या पाठीला बांधला. त्याच्या शेजारी नवा लाल टॅग, कधी न पुसणाऱ्या शाईचा. 'एकशे दहाची मशीन. डब्यातूनच. दामिनी.'

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचत जा. पुसलं असेल तर विचारा. उडालेल्या फ्यूजला तार गुंडाळू नका, तो तुमच्यासाठीच मेलेला असतो. आणि तुमच्या घरात कोणी बोलू शकत नसेल, तर त्याचा हात कुठे रोखलाय तिकडे बघा. आधी बघा, मग हात हलवा.

मिलमध्ये एका मशीनवर दोघे काम करत असतील तर टॅग दोन लागतात, आणि दोन्ही निघाल्याशिवाय बटण दाबत नाहीत. दामिनी संध्याकाळी सहा वाजता कधीकधी या खोलीत येते, कोठीला टेकून बसते आणि आपल्या नावाचा टॅग बोटांत फिरवते. तिचा ती काढू शकेल, कधीतरी. शेजारचा तिला काढता येत नाही.

ज्यानं लावला, त्यानंच काढाचा.