निऱ्या घालणारी

वाल्मिकने देवीचा मुखवटा लाल फडक्यात बांधून ओसरीवर आणला आणि सकुबाईच्या मनात पाल चुकचुकली.

किन्हवलीपलीकडच्या त्या गावात बोहाड्याला, मुखवटे चढवून नाचायच्या उत्सवाला, देवीचं सोंग घ्यावं ते वाल्मिकनेच. एकतीस वर्षं झाली. हिरवं लुगडं नेसून, तो जड मुखवटा चढवून, संबळाच्या ठेक्यावर तो नाचायला लागला की म्हाताऱ्याकोताऱ्या त्याच्या पायांवर डोकं ठेवायच्या. त्या मुखवट्याला सख्ख्या भावाचा, जगनचाही हात लागू द्यायचा नाही असा हा गडी, आणि आज म्हणतो काय, "जगनला देऊन टाकतो. धाकटा हाय, नाचंल."

"काय झालाय तुमाला?" सकुबाईने वाटच अडवली. "खरा सांगा."

पुरुषाची जात, एका फटक्यात सांगेल तर शपथ! आधी पाठ दुखते म्हणाला, मग वय झालं म्हणाला. ती दारातून हलेना तेव्हा मुखवटा मांडीवर घेऊन खाली बसला आणि सगळं बाहेर पडलं. गेल्या महिन्यात भात विकायला म्हणून मित्राबरोबर, कोंडूबरोबर गेला होता, तो कल्याणच्या दवाखान्यात. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. कमरेच्या हाडात उतरला होता.

सकुबाईने दार सोडलं. तीही तिथेच बसली.

"मग औषध?"

"हाय. पन मला नको."

"का नको?"

वाल्मिक मुखवट्याच्या फडक्याची गाठ उगाच चाचपत राहिला. "आपल्या अंगातला पुरुषाचा रस बंद करायचा. त्याच्यावरच रोग पोसतो म्हनं. तीन म्हैन्यांनी एक इंजेक्शन, न्हायतर एकदाच ऑपरेशन करून खालचं काढून टाकायचं. मंग अंगातून वाफा येतात, छाती सुजते, ताकद जाते. नि आपलं... नवराबायकोचंबी संपतं. कोंडू म्हनला, बैल खच्ची करतात तसाच की. असल्या अर्ध्या मानसानं देवी कशी घ्यावी, गो?"

एवढं ऐकलं आणि सकुबाईचं रडू पळालं. तिला असा काही संताप आला की बस्स!

"कोंडू लागून गेला मोठा डॉक्टर! एकतीस वर्षं तुमच्या लुगड्याच्या निऱ्या मी घालते. लुगडं नेसून बाई होता तवा अख्खा गाव पाया पडतो, नि बाईसारख्या वाफा आल्या तर तुमी अर्धे? मला आल्या ना त्या, पाळी गेली तवा. दोन वरसं पदर भिजायचा. मी काय अर्धी झाले?"

वाल्मिकने मुखवटा बाजूला ठेवला. त्याला हे ठाऊकच नव्हतं.

"सोंगाच्या आधी म्हैनाभर माझ्या बाजूला निजत नाय तुमी," ती म्हणाली. "देवीसाठी पाळता. मंग माझ्यासाठी पाळा की. मला तुमी जिते पायजेत."

तिसऱ्या दिवशी दोघं मुरबाडला गाडी बदलून कल्याणला गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाई नव्हती तिला. सकुबाईने पदराच्या टोकाला गाठी मारून आणल्या होत्या. एक गाठ, एक प्रश्न.

"गुण कशाचा जास्त?"

"दोन्हीचा सारखाच, मावशी. ऑपरेशन एकदाच, पण ते परत फिरवता येत नाही. इंजेक्शनची तारीख मात्र चुकवायची नाही."

"रोग जाईल?"

"मुळासकट नाही जाणार. पण दबून राहील. बरेच जण पुष्कळ वर्षं चांगले राहतात. सोबत गोळ्याही लागतील. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, म्हणून चालायचं आणि तपासत राहायचं. वाफा सगळ्यांना सारख्या नसतात, फार झाल्या तर त्यावरही औषध आहे."

शेवटची गाठ नाचाची होती, ती सोडायला सकुबाई अडखळली. तेव्हा वाल्मिकनेच विचारलं, "नाचता येईल?"

"हळू. कमरेला धक्का नको, उड्या नकोत."

वाल्मिकने इंजेक्शन घेतलं. ऑपरेशन पुढे कधीही करता येईल, म्हणाला. तारखा सकुबाईने चुलीजवळच्या कॅलेंडरवर कुंकवाने खुणावल्या.

सहा महिन्यांत रक्तातला रोगाचा आकडा खूप खाली आला, कमरेचं दुखणं निवलं. पोट थोडं सुटलं, दुपारी थकवा यायचा. बोहाड्याला मुखवटा पुन्हा त्याच्याच हातात होता. फक्त या खेपेला जगन मागून कमरेला धरून चालणार होता.

सकुबाई गुडघ्यांवर बसून निऱ्या घालत होती, तोच वाल्मिकच्या कपाळावर घाम डवरला. मान, छाती, सगळं लालबुंद.

"सकू, वाफ आली गो."

ती निऱ्या एका हातात धरून दुसऱ्या हाताने जवळचं सूप घेऊन वारा घालू लागली. "येऊ द्या. जाते ती आपसूक."

वाल्मिक डोळे मिटून उभा राहिला. वाफ ओसरली तसा हळूच म्हणाला, "तुला यायच्या तवा मी कुठं व्हतो, गो?"

"बाजूलाच व्हतात," सकुबाई निऱ्या खोचत म्हणाली. "घोरत."

वाल्मिकने तिच्या हातातून सूप काढून घेतलं. बाहेर संबळ वाजू लागला होता, जगन दोनदा हाक मारून गेला. पण देवी आपली सकुबाईला वारा घालत उभीच होती.