मिठागराचा तळवा

राही रांगायला लागल्यापासून मी फरशीवरून नजर काढत नाही. म्हणून ते रक्ताचे थेंब मलाच दिसले. मोरीपासून थेट माझ्या सासऱ्यांच्या खुर्चीपर्यंत.

"बाबा, टाचेत काच घुसलीय तुमच्या!"

"असंल." त्यांची नजर टीव्हीवरच. "मिठागराचा तळवा हाय हा, सूनबाय. काच काय करनार त्याला!"

शेजारच्या आवडाबाई कोलंबी द्यायला आल्या होत्या. त्या हसल्या, "व्हय गो, यांना वहान लागतेय कशाला!"

लग्न होऊन उरणला आले तेव्हापासून हेच ऐकतेय, की जन्मभर मिठागरात अनवाणी राबून बाबांचे तळवे दगड झालेत. गेल्या महिन्यात कढत पाण्यानं पाय भाजला आणि बाबांना कळलं नाही, तेव्हाही मी म्हटलं, मिठागराचे पाय. बाबांची साखर वाढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "वयानं रक्तवाहिन्या ताठरतातच, बसून राहिलं की आणखी लवकर. स्नायू हलले नाहीत तर रक्तातली साखर वापरणार कोण? चालवा त्यांना." पण घरात सून असताना सासरा पाण्याला उठला, तर गाव काय म्हणेल? पाणी, ताट, रिमोट, सगळं मी हातात दिलं. बी. एस्सी. झालेली मी.

काच काढायला त्यांचा पाय मांडीवर घेतला. राही दुसऱ्या मांडीवर चढली. दोघांचे तळवे सारखेच मऊ. मिठागर बंद होऊन अकरा वर्षं झाली, हे माझ्या हातालाच आधी कळलं.

"बाबा, डोळे मिटा. कुठल्या बोटाला हात लावतेय सांगा."

"पोरखेळ काय लावलास?" म्हणत त्यांनी डोळे मिटले.

मी अंगठा दाबला. मग करंगळीत नख रुतवलं.

"लाव ना," ते म्हणाले.

आवडाबाईंचं हसू थांबलं.

"लावलंय, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. माझं नख बघत राहिले. मग हळूच, "पाय ऱ्हाईल ना गो?"

मला माहीत नव्हतं. जखमेवर फडकं बांधलं, दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली. माझा नवरा प्रणय ट्रेलर घेऊन बंदराच्या रांगेत अडकलेला.

"टाच टेकू नका. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतः उठा."

बाबांनी सवयीनं हात पुढे केला. मी राहीला कडेवर घेतलं आणि तशीच उभी राहिले. एकदा, दोनदा ते अर्धे उठून परत खुर्चीत पडले.

"अगो, धर ना त्यांना!" आवडाबाई ओरडल्या.

मी धरलं नाही.