गाठोड्याबाहेरचे ठिगळ

मी एक जुने ठिगळ आहे, मित्रांनो. पण माझ्या अंगाला सुईदोरा कधी लागला नाही. मी संगणकाच्या भाषेतल्या काही ओळींचे ठिगळ आहे. माहीतगार लोक मला पॉलिफिल म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मी जुन्यांसाठी आहे की नव्यांसाठी, हेच मला आजवर नीट उमगलेले नाही. म्हणून माझी कहाणी ऐकताना तुमचाही थोडा गोंधळ उडाला, तर रागावू नका.

तुम्ही फोनवर एखादे पान उघडता, तेव्हा ते वाचून तुमच्यापुढे मांडण्याचे काम ब्राउझर करतो. काही वर्षांपूर्वी पाने लिहिणाऱ्यांनी नव्या खुणा काढल्या. आपल्या मनाचे नाव द्यायचे आणि त्या नावाची, हवे ते काम करणारी पेटी पानावर ठेवायची. नव्या ब्राउझरांना त्या खुणा कळल्या. जुने मात्र नुसते बघत राहिले. त्यांना शिकवण्यासाठी माझा जन्म झाला. देशोदेशीच्या कितीतरी जणांनी माझ्यात एकेक ओळ घातली आहे, त्यामुळे आईवडील कोण म्हणून विचाराल तर मी गडबडून जाते... की जातो? बघा, इथूनच सुरुवात. ठिगळ म्हटले की "जाते" हेच बरोबर.

त्या काळी माझी काय चैन होती! जो तो आधी मला दारात उभे करी आणि मग पान उघडी. पुढे एकेक ब्राउझर शहाणा झाला आणि मला काढून टाकण्याची घाई सुटली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

मग म्हैसूरहून बोलावणे आले. सरस्वतीपुरममध्ये राहणाऱ्या अन्विताला मी हवे होते, तिच्या अज्जीसाठी. अज्जी म्हणजे शकुंतलाबाई. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड अशी कालवलेली की वेगळी काढता येऊ नये. त्या बोलीतले शब्द अन्विताला एका पानावर मांडायचे होते. शब्दावर बोट ठेवले, की अज्जीचा आवाज त्याचा अर्थ सांगणार.

शकुंतलाबाई काही केल्या तयार होईनात. त्याला कारण होते. त्यांची धाकटी सून सुष्मा पुण्याची. ती नवी नवरी असताना उठून कामाला लागली, तेव्हा शकुंतलाबाई मायेने म्हणाल्या होत्या, "सुम्ने बस गे." सुम्ने म्हणजे नुसते, सहज. काही करू नको, निवांत बस. सुष्मा हसून म्हणाली, "अहो आई, सुम्ने नाही, सुष्मा!" सगळे घर हसले. शकुंतलाबाईही हसल्या. पण तेव्हापासून सुनेपुढे त्या मोजकेच बोलत, आणि पुढे सुष्मा पुण्याला राहायला गेली, तिची मुलगी मधुमिता तिथेच वाढली, तेव्हा त्या नातीशीही. अन्विताने फार आर्जवे केली म्हणून त्या शेवटी बोलायला बसल्या. पहिला शब्द त्यांनीच निवडला: सुम्ने.

पान अज्जीच्या जुन्या टॅबवरही दिसायला हवे होते. तो टॅब त्यांच्या हाताला बसला होता. नवा म्हटले की त्या मान फिरवत. म्हणून अन्विताने पानामागच्या साऱ्या ओळींचे एक गाठोडे बांधले आणि यंत्राकडून त्याचे टॅबला कळेल अशा संगणकाच्या जुन्या भाषेत भाषांतर करून घेतले. त्यामुळे माझे काम दुहेरी झाले. जुन्या ब्राउझरला नव्या खुणा शिकवायच्या, आणि नव्या ब्राउझरला सांगायचे, "बाबा रे, गाठोडे जुन्या भाषेत असले तरी आपलेच आहे, आत घे." हे दुसरे सांगणे नव्या भाषेतच सांगावे लागते, नाहीतर तो ऐकतच नाही. आणि अन्विताने तर मलाही गाठोड्यात बांधले होते! माझेही भाषांतर झाले. मला ते कळलेही नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत पुण्याची मंडळी आली. सगळ्यांनी पान उघडले. अज्जीच्या टॅबवर शब्द झळकले. नव्याकोऱ्या फोनांवर मात्र पांढरे पान! मी चक्रावून गेले. जुन्याला कळते आणि नव्याला नाही, हे कसे? मी दारात उभे राहून घसा फोडत होते, पण तोंडून निघत होती जुनी भाषा.

"टॅबच जुना आहे ना, त्यानेच काहीतरी बिघडवलं असेल," सुष्मा म्हणाली.

"टॅबवरच तर चालतंय, काकू!" अन्विता रडकुंडीला आली होती.

शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या, "अय्यो, जाऊ दे गे. माझं बोलणं जुनं. नव्या फोनांना कसं कळायचं?"

मला फार वाईट वाटले. चूक माझ्या दाराशी झाली होती आणि दोष त्यांनी आपल्या जिभेला लावला होता.

पाहुणे पुण्याला परतले. अन्विताने इकडेतिकडे खूप बदलून पाहिले. लोकांना सोपे पडेल म्हणून तिने पानावर "सुम्ने"च्या जागी "उगीच"सुद्धा लिहिले. अज्जीने ते टॅबवर वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे मी म्हणाले नाही. उगीच म्हटलं की त्यात राग येतो गे. सुम्नेत राग नाही. मी बोलले ते तसंच ठेव, नाहीतर सगळं काढून टाक."

अन्विता स्वतःशीच पुटपुटली, "तसंच ठेव..." आणि तिने गाठोडे उघडून मला शोधले. माझी नवी भाषा पुसलेली पाहून तिने कपाळावर हात मारला. तिने मला गाठोड्यातून बाहेर काढले, भाषांतर न करता, आहे तसे, सगळ्यांच्या आधी दारात उभे केले. शब्दही पूर्ववत केला.

दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाईंचा फोन वाजला. सुष्मा होती. पलीकडे मधुमिता पुन्हापुन्हा त्याच शब्दावर बोट ठेवत होती, आणि अज्जीचा आवाज पुण्याच्या घरात घुमत होता.

"काय गे, काही काम होतं?" शकुंतलाबाईंनी घाबरून विचारले.

सुष्मा म्हणाली, "नाही, आई. सुम्ने केला."

शकुंतलाबाईंनी पदराने डोळे टिपले, आणि मग किती वेळ बोलत बसल्या म्हणून सांगू! एकही शब्द गिळला नाही.

मित्रांनो, टॅब कधीतरी बंद पडेल आणि मलाही रजा मिळेल. मी जुन्याचे की नव्याचे, हा घोळ तोवर सुटेल असे वाटत नाही. तुमच्याकडे एक मागणे आहे. जुने माणूस असो की जुने ठिगळ, त्याला सुधारायला जाऊ नका. त्याचे बोलणे त्याच्याच भाषेत ऐका. आणि काही काम नसले, तरी कधीतरी त्याला हाक मारा. सुम्ने.