पाठमोरी मुद्रा

फरात नदीच्या संथ, सोनवर्खी पाण्यावरून वसंत आला. खजुरीच्या झावळ्यांतून कोवळे ऊन पाझरले, ऊर नगरीच्या विटाविटांवर केशर सांडले. मुद्राकारांच्या आळीत दारोदारी दगड घासण्याची गुणगुण सुरू झाली.

त्या आळीत, उरनिगरच्या कार्यशाळेत, त्याची लेक निनकल्ला श्वास रोखून उभी होती. तिने कोरलेली पहिलीच मुद्रा! बोटाच्या पेराएवढा, राजावर्त नावाच्या निळ्यानितळ दगडाचा दंडगोल. ओल्या मातीवरून फिरवावा, की चित्र उमटावे. विणकरशाळेच्या प्रमुख गेमेबाऊ आपल्या नावाची ती मुद्रा न्यायला आल्या होत्या. त्यांना पसंत पडली, तर बापाशेजारची जागा निनकल्लाची. नाही तर हातातली छिन्नी गेलीच म्हणायची.

उरनिगरने मुद्रा मातीवर टेकवली, जराशी फिरवली, आणि त्याचा चेहराच पडला. दगडात उलटे कोरावे, तेव्हा मातीत सुलटे उमटते. त्या उलटसुलटीत पोरीने भलताच घोळ घातला होता. मातीत इनान्ना देवी उमटली, तारामुकुटा, सिंहासनस्था. आणि तिला चिकटून, हात उंचावून वंदन करणारी गेमेबाऊ, देवीकडे चक्क पाठ करून!

"अगं पोरी, काय करून बसलीस हे?"

दूरदूरच्या पर्वतांतून आलेला तो दगड. दुसरा कुठून आणणार? निनकल्लाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डोळ्यांतल्या पाण्यात तो निळा दगड तरळला.

गेमेबाऊ मात्र वाकून पाहत राहिल्या. मग खुदकन हसल्या.

"थांबलास का रे, उरनिगर? फिरव की पुढे!"

त्याचा हात हलेना. तेव्हा त्यांनीच, सूत काढून राठ झालेल्या अंगठ्याने, मुद्रा पुढे लोटली. पाठमोरी गेमेबाऊ सरली. तिच्या नावाची अक्षरे आली. आणि अक्षरांपलीकडून, सामोरी, प्रसन्नवदना, पुन्हा तीच देवी उमटली. गोल दगडावर तोंड लपवून जाणार तरी कुठे?

"कामाच्या धबडग्यात मी कितीदा देवळाकडे फिरकले नाही," त्या म्हणाल्या, "पण ही बया दरवेळी पुढून येऊन उभी! तुला गं कसं कळलं?"

"कळलं नाही, बाई. चुकलं."

"मग अशीच चुकत जा."

उरनिगरने आपली चटई सरकवून शेजारी जागा केली. निनकल्ला बसली, आणि हसू काही केल्या तिच्या ओठांत मावेना.

मुद्रा फिरतच राहिली. देवी, गेमेबाऊ, देवी, गेमेबाऊ, निळा दगड, ओली माती, आणि समोरासमोर दोघी, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, माती संपेपर्यंत.