बिनगुळाची पाई

रत्नप्रभाबाईंनी उलथन्याच्या टोकावर चिमूटभर भोपळ्याचा कीस घेतला, सवयीनं डावा तळहात पुढे केला आणि तिथेच थबकल्या. आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, त्यांचा उपास. त्यातून कढईतलं सारण होतं नैवेद्याचं. देवीच्या आधी त्याची चव घ्यायची म्हणजे भलतंच. त्यांनी कीस पुन्हा कढईत झटकला आणि नाकावर भिस्त ठेवली. एवढी वर्षं स्वयंपाक केल्यावर नुसत्या वासावर भागायला हरकत नव्हती.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ऋता मैद्यात थंडगार लोणी चोळत होती. कपाळावर आलेली बट ती मनगटानं मागे सारत होती.

"आई, खिडकी थोडी उघडू का?"

"उघड की. विचारतेस काय?"

"थँक्यू, आई."

या थँक्यूनं रत्नप्रभाबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. चहा दिला, थँक्यू. टॉवेल दिला, थँक्यू. भाजी कशीही होवो, "छान झालीय, आई, थँक्यू." लग्न होऊन सून परस्पर अमेरिकेला गेली आणि मुलाची, परीक्षितची, तिकडची नोकरी सुटल्यावर ऑगस्टमध्ये दोघं इथे उत्तरेत, सेक्टर ३९मधल्या दिगंबररावांच्या इन्स्टिट्यूटच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. मुलगी गुणी, शब्दाला गोड. पण परक्याच्या घरी उतरल्यासारखी वागायची. हाताला लागेल ते काम करायची, ते करण्याआधी विचारायची आणि झाल्यावर आभार मानायची.

आता परीक्षितला इथेच नोकरी लागली होती आणि दोघांनी शहराबाहेरच्या एरोसिटीत फ्लॅट पाहून ठेवला होता. नवीन वर्षात तिकडे जायचं ठरत होतं. वेगळ्या बिऱ्हाडाला रत्नप्रभाबाईंची ना नव्हती. एरोसिटी काही सातासमुद्रापार नाही. पण पाहुणी म्हणून आलेली सून पाहुणी म्हणूनच जाणार, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हतं. सांगणार तरी कुणाला? नवऱ्याला सांगितलं, तर दिगंबरराव म्हणाले, "आभार मानते ते वाईट? मी कधी मानले नाहीत, तेव्हा त्याचीही तक्रार होती तुझी."

थँक्सगिव्हिंगची, त्या आभार मानायच्या अमेरिकन सणाची, कल्पना रत्नप्रभाबाईंचीच. तिकडे दरवर्षी ऋता या दिवशी मित्रमंडळींसाठी भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेली पाई करायची, आणि यंदा नुसते जुने फोटो बघत बसली होती. "आपण इथे करू की," त्या म्हणाल्या. "सारण माझ्याकडे. आमच्या मिरजेच्या घारग्यांसारखं, लाल भोपळा आणि गूळ. वरचं ते कवच तू कर." तारीख पाहिली, तर नेमका मार्गशीर्षातला गुरुवार. मग बिनअंड्याची पाई करायची आणि देवीलाही तोच नैवेद्य दाखवायचा, असं ठरलं.

खरड गावापुढल्या गुऱ्हाळातून परीक्षितनं आणलेला ताजा गूळ त्यांनी चिरून वाटीत काढला. ऋता मैद्याचा गोळा फ्रिजमध्ये ठेवून आंघोळीला गेली होती. गूळ कढईत घालणार, तोच बेल वाजली. वाटी मिक्सरमागे सरकवून त्या दाराकडे गेल्या.

दारात शेजारच्या पंजाबी बावा आंटी उभ्या होत्या, हातात पाईसाठी मागितलेलं काचेचं भांडं.

"लो जी, रत्नाजी. पर आज कैसे? साड्डा थँक्सगिव्हिंग ते अक्टूबर विच हो गया!"

"अक्टूबर में?"

"टोरंटो विच पहले हुंदा है जी. ये अमरीकावाले हमेशा लेट."

टोरंटोची सून, तिथली थंडी, गुडघे असं करत करत गप्पा इतक्या रंगल्या, की स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला तेव्हाच रत्नप्रभाबाई भानावर आल्या. धावत येऊन त्यांनी गॅस बंद केला. कीस जेमतेम वाचला होता. घाईघाईनं त्यात साय, कॉर्नफ्लोअर आणि जायफळ घालून त्यांनी सारण आंघोळीहून आलेल्या ऋतापुढे ठेवलं. मिक्सरमागची वाटी मिक्सरमागेच राहिली.

संध्याकाळी दिगंबरराव इन्स्टिट्यूटमधून आले. पूजा झाली, पोथी झाली, आरती झाली. नारळ ठेवलेल्या कलशापुढे पाईचा एक त्रिकोण विराजमान झाला. मग सगळे टेबलाशी बसले.

"तिकडे खाण्याआधी प्रत्येकानं एक सांगायचं असतं," ऋता जरा लाजतच म्हणाली. "कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात ते."

"गिझरचे," दिगंबरराव म्हणाले. "या थंडीत दुसरं कोण आहे मला?"

"मेरा तो जॉब. पक्का," परीक्षित म्हणाला.

ऋतानं मात्र तयारी केलेली दिसत होती. "चार महिने तुम्ही आम्हाला इतकं सांभाळलंत. कशाची कमी पडू दिली नाहीत. थँक्यू, आई. थँक्यू, बाबा."

बोलणं मनापासूनचं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण निरोपाच्या समारंभाला बोलावं तसं ती बोलली होती.

"आई, तुम्ही?"

"आधी खा. माझं मागाहून," त्या म्हणाल्या आणि पाई वाढू लागल्या.

दिगंबररावांनी एक घास घेतला, सावकाश चावला आणि पंख्याकडे पाहिलं.

"वेगळी आहे चव."

"बढ़िया है, आई," परीक्षित घाईघाईनं पाणी पीत म्हणाला.

रत्नप्रभाबाई ऋताकडे बघत होत्या. आता 'छान झालीय' येणार आणि त्याच्यामागून थँक्यू. ऋतानं घास गिळला. चमचा ताटलीत ठेवला.

"काय बढ़िया?" ती नवऱ्यावर उखडली. "फोडणी न घातलेली भोपळ्याची भाजी आहे ही! अहो आई, यात गूळच नाहीये!"

आपण काय बोललो हे लक्षात येऊन ऋतानं तोंडावर हात ठेवला. रत्नप्रभाबाईंनी दिवसभराच्या उपासाचा पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि मग त्यांना असं हसू फुटलं, की पदर डोळ्यांना लावायची वेळ आली.

"वाटी! अगं, वाटी राहिली! कुठे ठेवली मी मेलीनं..."

"तुम्ही बसा, उपाशी आहात. मिक्सरमागे असणार." ऋता उठलीसुद्धा. "बेल वाजली की तुम्ही हातातलं सगळं तिथेच सरकवता. परवा चष्मा तिथेच होता, त्याआधी बाबांच्या गोळ्या."

आतून डब्यांचा आवाज आला. गॅस पेटला. कढलं कुठे, तूप कुठे, असं तिनं एकदाही विचारलं नाही. पातळ केलेला गूळ घेऊन ती बाहेर आली, ती बोलतच. "नैवेद्याची चव घ्यायची नाही, कबूल. पण त्यात काय काय घातलंय ते बघायला कुणी बंदी केली होती?"

"चुकलंच बाई," रत्नप्रभाबाई आज्ञाधारकपणे म्हणाल्या. "पण देवी बिचारी एका शब्दानं बोलली नाही."

"ती कशी बोलेल? ती एका दिवसाची पाहुणी."

असं म्हणत ऋतानं पहिल्यांदा देवीपुढच्या त्रिकोणावर गूळ ओतला. मग सासऱ्यांच्या ताटलीत, मग परीक्षितच्या; त्याच्याकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही. रत्नप्रभाबाईंजवळ येऊन ती थांबली.

"आई, तुमचं राहिलंय. आभार कुणाचे?"

"माझे मानून झाले मघाशीच."

"कधी? मी ऐकलं नाही."

"तू गूळ शोधत होतीस." त्यांनी ताटली पुढे केली. "घाल. आणि हात आखडू नकोस."