चार चांदण्या

रामदासपेठेतले काळीकर वकील टपालाचे शिक्के जमा करतात. शिक्का जितका दुर्मिळ, तितक्या चांदण्या ते अल्बममध्ये पाकिटाखाली पेन्सिलनं काढतात. सत्त्याहत्तर साली मायनं गावाहून मले धाडलेलं पाकीट मीच वकीलसाहेबाले दिलं होतं. त्याच्यावरचा सावळझरीचा शिक्का पाहून त्यांनी एकच चांदणी काढली अन् म्हणाले, "असे पुष्कळ मिळतात, डोमाजी."

यंदा धरणाचं पाणी चढलं अन् सावळझरी बुडाली. मायले मी नागपूरले घेऊन आलो. दुसऱ्याच आठवड्यात वकीलसाहेबांनी बोलावलं. गेलो, तर त्यांनी माह्या हातावर पेढा ठेवला.

"पेढे कशाचे जी?"

"अहो, तुमच्या गावचं पोस्ट कायमचं बंद झालं! आता हा शिक्का पुन्हा कधी पडणार नाही."

अन् माह्यासमोर त्यांनी आणखी तीन चांदण्या काढल्या. जिभेचं टोक बाहेर काढून, अगदी मन लावून.

माहं डोकंच फिरलं. पेढा मी अल्बमवर आदळला. "आमचं घर गेलं, शेत गेलं, बापाले जाळलं तो घाट गेला, अन् तुम्ही पेढे वाटून राहिले?"

"रागावता कशाला? तुमच्या गावाची किंमतच वाढली की!"

"मग चला माह्या घरी," मी ओरडलो. "माय दारात बसून राहिली. रोज सकाळी विचारते, नदी कोणत्या अंगाले आहे म्हणून. तिच्यासारखी बाई त्या गावात आता पुन्हा होणार नाही. काढा तिच्या कपाळावर चांदण्या!"