अठ्ठावन्न किलो

आमच्या ह्यांचं, संभाजीरावांचं, वजन वर्षभर अठ्ठावन्न किलोच्या वर मी जाऊ दिलं न्हाय. दोन्ही किडन्या बसल्यात. आठवड्यातनं दोनदा वरकुट्यावनं बारामतीला डायलिसिस. तितनं आलं की डाळिंब तोलायच्या काट्यावर उभं करायची मी त्यांना. यंत्रानं अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर डॉक्टरांनी ठरवलेलं अठ्ठावन्न म्हंजे अठ्ठावन्न! डॉक्टरांनी पाणी आन् मीठ तोडलं व्हतं. मी म्हणलं, पोटात जाईल तेवढं कमीच बरं, म्हणून डाळ, अंडी, मटण सगळंच बंद केलं. जाऊबाई छबूबाई म्हणायची, "विजयमाला, तुझ्यासारखी बाई न्हाय बघ." मीबी फुगायची.

मागल्या महिन्यात ह्यांना दम लागाय लागला. आडवं झालं की घुसमटायचं. मला वाटलं, गडी चोरून पाणी पितोय. माठ उचलून कुलपात ठेवला. मोरीत जाताना दार उघडं ठेवायला लावलं. माझ्या डोस्क्यावर हात ठेवून शपथ घेतली त्यांनी, तरी मी इश्वास ठेवला न्हाय.

सोमवारी डायलिसिसच्या वृषाली सिस्टरनं नवीन यंत्र आणलं. हाताला दोन, पायाला दोन पट्ट्या चिकटवल्या, वायरी जोडल्या. म्हणली, "बारीकसा करंट जातो, कळतसुद्धा नाही. अंगात पाणी किती, मांस किती, ते दिसतं." दोन-चार मिनिटांत आकडा आला. चार लिटर पाणी जास्त!

मी तितंच भडकले. "बघा, कसं पकडलं! चोरून ढोसताय आन् वर माझ्या शपथा घेताय? लाज न्हाय वाटत?" शेजारच्या खाटंवरची माणसं बघाय लागली. हे भिंतीकडं तोंड करून पडलं.

वृषालीनं मला बाजूला घेतलं. "मावशी, काकांनी पाणी नाही प्यायलेलं. त्यांचं मांस झडलंय, चारेक किलो. काटा अठ्ठावन्नच दाखवतोय म्हणून आम्हीही पाणी तेवढंच काढत राहिलो. झडलेल्या मांसाच्या जागी पाणी साठत गेलं. जेवतात काय ते?"

"अर्धी भाकरी. बिनमिठाचं दोडकं."

ती म्हणली, "अंड्याचं पांढरं तरी रोज लागतं हो त्यांना. आहाराचा तक्ता दिला होता ना?"

दिला व्हता. मी मीठ-पाण्यापुरताच वाचला व्हता.

डॉक्टर आले. फुफ्फुसात पाणी उतरलंय, हृदय थकलंय, म्हणाले. पाणी हळूहळू काढू, पण भरवसा देता येत न्हाय.

मी ह्यांच्या उशाशी जाऊन बसले. हात धरला तर नुसती कातडी आन् हाडं. रोज ह्याच हातांनी त्यांना अंघोळ घालत व्हते, मला मेलीला कळलं कसं न्हाय? रडूच फुटलं मला. "अवो, भूक लागती म्हणून एकदा तरी सांगायचं की!"

त्यांनी डोळं उघडलं. राग न्हाय, काय न्हाय.

"सांगितलं व्हतं की, दोनदा," ते म्हणाले. "तू म्हणालीस, तुमाला खायचंय का जगायचंय?"